वाचकांचे प्रश्न : कृत्रिम ओपिऑइड आणि आपला एनडीपीएस कायदा

सांगली जिल्ह्यात अमली पदार्थांच्या साठ्यांवर आणि कारखान्यांवर लागोपाठ कारवाया झाल्यापासून या सदराकडे त्याच विषयाची आणि एनडीपीएस, म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या कायद्याची पत्रे येत आहेत. काही पत्रांत भीती आहे, काहींत संताप आहे आणि काहींत अगदी घरगुती अडचणी आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत फेंटानिलने लाखो माणसे मेल्याचे आपण वाचतो. आपल्याकडे कुपवाड आणि इरळी येथे जो एमडी सापडला तोही याच जातीचा पदार्थ आहे काय? आपला कायदा १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा. तो रद्द करून नवा, अधिक कडक कायदा आणावा असे आपणांस वाटत नाही काय?
— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : प्रथम दोन पदार्थ वेगळे करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून, मार्च २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीतून आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगली पोलिसांनी विट्याजवळच्या कार्वे येथून जो माल पकडला, तो एमडी म्हणजे मेफेड्रोन होता. मेफेड्रोन उत्तेजक आहे. तो झोप उडवतो आणि हृदयाचे ठोके वाढवतो. ओपिऑइडचे काम याच्या नेमके उलटे असते. अफू, मॉर्फिन, हेरॉइन हे त्यांतले जुने सदस्य आणि फेंटानिल हा प्रयोगशाळेत जन्मलेला. हे सगळे वेदना शमवतात, पण मेंदूतल्या श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रावरही परिणाम करतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि थांबतो. फेंटानिल हे मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट आणि हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र मानले जाते. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅमही जीवघेणे ठरू शकतात. मिठाचे मोजके कण म्हणजे दोन मिलिग्रॅम. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अतिमात्रेने एक लाखाहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यूंत फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडचा हात होता. त्यानंतर २०२४ पर्यंत तेथील आकडा बराच खाली आला, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कायदा जुना आहे हे खरे असले तरी तो कमकुवत आहे असे म्हणता येणार नाही. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी होते, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. कलम ३७ मुळे अशा आरोपीला जामीन मिळणे अतिशय अवघड असते. १९८९, २००१, २०१४ आणि २०२१ अशा दुरुस्त्याही या कायद्यात झाल्या आहेत. शिक्षा आणखी वाढवल्याने कारखाने बंद होतील, असा विश्वास मला वाटत नाही. शिक्षा कडक असतानाच कुपवाड झाले आणि इरळीही झाली.

दुखणे शिक्षेत नाही, ते पदार्थांच्या यादीत आहे. आपला कायदा मुख्यतः एकेका पदार्थाचे नाव घेऊन चालतो. ज्याचे नाव अधिसूचनेत आहे तो पदार्थ बेकायदा; ज्याचे नाही, तो कितीही घातक असला तरी या कायद्याच्या कक्षेबाहेर. मेफेड्रोनच्याच बाबतीत महाराष्ट्राने हे भोगले आहे. मुंबईत ‘म्याव म्याव’ या नावाने तो उघड विकला जात होता, पोलीस विक्रेत्याला पकडत होते आणि लावायला कलम नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली तेव्हा कुठे तो एनडीपीएसच्या यादीत आला. तोपर्यंत ज्यांनी विकला त्यांना मागाहून शिक्षा करता येत नाही, कारण कृत्य घडले त्या वेळी जो गुन्हा नव्हता त्यासाठी कुणालाही दोषी ठरवू नये, असे संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो आणि ते योग्यच आहे.

ओपिऑइडच्या बाबतीत हा उशीर अधिक घातक ठरतो, कारण रसायनतज्ज्ञाला फेंटानिलच्या रेणूचे एखादे टोक बदलून नवा पदार्थ तयार करायला फार काळ लागत नाही. यादी पुढे सरकते तसा बाजार तिच्या पुढे सरकतो. चीनने १ मे २०१९ पासून फेंटानिलच्या साऱ्या कुळावरच बंदी घातली. त्याच सुमारास निटाझीन नावाचे दुसरेच कुळ बाजारात दिसू लागले. ही निटाझीन १९५० च्या दशकात एका स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत वेदनाशामक म्हणून तयार झाली होती, पण धोकादायक ठरल्याने औषध म्हणून कधीच बाजारात आली नाहीत. त्यांतील काही फेंटानिलहूनही तीव्र आहेत, आणि फेंटानिल ओळखण्याच्या साध्या पट्टीवर ती सहसा दिसत नाहीत. ब्रिटनने जानेवारी २०२५ पासून निटाझीनची रासायनिक रचना सांगणारी सर्वसाधारण व्याख्याच कायद्यात घातली. अमेरिकेने फेंटानिलसदृश पदार्थांवर २०१८ पासून तात्पुरते नियंत्रण ठेवले होते, ते जुलै २०२५ मध्ये कायद्याने कायम केले.

आपल्याकडेही तोच मार्ग घ्यावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी सबंध कायदा मोडीत काढण्याची गरज नाही. कलम ३ अन्वये केंद्र सरकार अधिसूचना काढून मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत भर घालू शकते. निर्मित औषधिद्रव्यांच्या (ज्यांत फेंटानिल मोडते) बाबतीतही तसा अधिकार आहे. संसदेत विधेयक येण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रश्न एवढाच की अधिसूचना एकेका नावाची न काढता कुळाची काढावी, त्या व्याख्येची हद्द रसायनशास्त्राच्या भाषेत काटेकोर आखावी आणि औषधसंशोधनासाठी परवान्याची वाट खुली ठेवावी. व्याख्या सैल राहिली तर निरुपद्रवी रसायन हाताळणारा कारखानदारही आरोपी होईल. आणि ती अमलात आणायची तर प्रयोगशाळा हव्यात. पंचनाम्यात ‘पांढरट रंगाची उग्र वासाची पावडर’ एवढेच लिहून मुद्देमाल मोहोरबंद होतो आणि पुढचे सारे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून असते. रंग बदलणाऱ्या चाचणीच्या संचाने फेंटानिलचे कुळ खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी महागडी यंत्रे आणि तुलनेसाठी शुद्ध नमुने लागतात. नवा पदार्थ कोणता हेच प्रयोगशाळेला सांगता आले नाही, तर कुळाची व्याख्या कागदावरच राहील.

भारतात फेंटानिल आलेच नाही, असेही समजू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने इंदूरमध्ये एका बेकायदा प्रयोगशाळेतून सुमारे दहा किलो फेंटानिल पकडले होते. दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने दहा किलो म्हणजे किती, हे आपण शिक्षक असल्याने मी सांगायला नको.

प्रश्न : मी विधी शाखेच्या अंतिम वर्षात शिकतो. एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. पण पुडीतील शुद्ध पदार्थाचे वजन धरायचे की भेसळीसह सगळ्या पुडीचे? आणि फेंटानिलच्या बाबतीत हा नियम कसा लागतो?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपला प्रश्न फार नेमका आहे. २००१ च्या दुरुस्तीने अल्प, मध्यम आणि व्यापारी अशा तीन पायऱ्या आल्या. हेतू चांगला होता : व्यसनी माणूस आणि घाऊक विक्रेता एकाच मापाने मोजले जाऊ नयेत. २००८ मध्ये ई. मायकेल राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचेच वजन धरावे असे म्हटले. त्यावर केंद्राने नोव्हेंबर २००९ मध्ये ही प्रमाणे ठरवणाऱ्या अधिसूचनेला टीप जोडली की संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जुना निर्णय रद्द ठरवून ही टीप वैध ठरवली. आज तोच कायदा आहे.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम. फेंटानिलचे अल्प प्रमाण ०.००५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ०.१ ग्रॅम. तीव्रता लक्षात घेता हा फरक समजण्यासारखा आहे. पण अधिसूचनेच्या तक्त्यात शेवटी मिश्रणांसाठी जी नोंद आहे, तिच्यानुसार एकाहून अधिक अमली पदार्थ मिसळलेले असतील तर त्यांतील ज्याची मर्यादा सर्वांत कमी, ती साऱ्या मिश्रणाला लागते.

समजा, एखाद्या व्यसनी मुलाने एक ग्रॅम ब्राऊन शुगरची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची, पुडी विकत घेतली. हेरॉइनच्या मापाने ते अल्प प्रमाण आहे. कमाल शिक्षा एक वर्ष, जामीन सहज. पण वरच्या कुणी तरी त्या मालात नावापुरते फेंटानिल मिसळले असेल आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ते आले, तर नियम शब्दशः वाचल्यास तीच एक ग्रॅमची पुडी व्यापारी प्रमाणाच्या दहा पट ठरते. मुलाला आत काय आहे याचा पत्ताही नसतो. तो बचाव मांडता येतो, पण कलम ३५ मध्ये गुन्हेगारी मनोभूमिका गृहीत धरलेली आहे आणि ते गृहीतक वाजवी संशयापलीकडे खोडून काढण्याचे ओझे आरोपीवर आहे. दरम्यान कलम ३७ मुळे तो तुरुंगात असतो.

ही अडचण कायदा सुधारताना सर्वांत आधी सोडवली पाहिजे असे मला वाटते, कारण ज्या देशांत फेंटानिल शिरले तेथे ते असेच, हेरॉइनमध्ये किंवा बनावट गोळ्यांत मिसळून शिरले. अतितीव्र पदार्थांसाठी तरी प्रयोगशाळेने टक्केवारी द्यावी आणि शुद्ध वजनच धरावे, असा अपवाद अधिसूचनेत करणे शक्य आहे. उलट बाजूने असे म्हटले जाते की विक्रेते भेसळीआड लपतील. तो आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण ज्याच्याकडे किलोंनी माल आहे, तो शुद्ध वजन धरले तरी ०.१ ग्रॅमच्या कितीतरी पुढेच असतो.

परीक्षेसाठी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नमुने घेणे आणि मुद्देमालाची यादी करणे हे कलम ५२ अ आणि डिसेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावे लागते. अनेक खटले येथेच अडखळतात. आणि ऑक्टोबर २०२० च्या तूफान सिंग निर्णयानंतर तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही.

प्रश्न : माझ्या आईला कर्करोग आहे. मिरजेतील डॉक्टरांनी वेदनेसाठी आधी ट्रामाडोल दिले होते, आता फेंटानिलची पट्टी लिहून दिली आहे. शेजारी म्हणतात, हे घरात ठेवणे गुन्हा आहे, पोलीस आले तर अडचण होईल. पुण्याला बहिणीकडे जाताना पट्ट्या बरोबर न्याव्यात की नाही? कायदे आणखी कडक झाले तर औषध मिळणेच बंद होईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण निश्चिंत असावे. डॉक्टरांनी लिहून दिलेले आणि परवानाधारक ठिकाणाहून घेतलेले औषध जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. कलम ८ मध्येच वैद्यकीय कारणांसाठी अपवाद ठेवलेला आहे. फेंटानिल हे २०१५ पासून मॉर्फिन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन यांच्यासह ‘अत्यावश्यक’ अमली औषधांच्या यादीत आहे. रुग्णाला एका वेळी जेवढे रीतसर देण्यात आले, तेवढे तो जवळ बाळगू शकतो. ट्रामाडोलसाठी वेगळा नियम आहे. ते एप्रिल २०१८ पासून मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांत गणले जाते, आणि नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत, दीर्घकालीन उपचारासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले असल्यास ३०० पर्यंत बाळगता येतात. प्रवासात मूळ चिठ्ठी, औषधाचे बिल आणि रुग्णालयाच्या फाइलची एक प्रत पिशवीत असू द्यावी. गोळ्या किंवा पट्ट्या मूळ वेष्टनातून काढून डब्यात भरू नयेत. हौसेने नीटनेटकेपणा केला आणि मग वेष्टन नसल्याने खुलासे करत बसावे लागले, असे होते.

आपल्या शेजाऱ्यांची भीती मात्र निराधार आहे असे म्हणवत नाही, कारण ती या देशाने एकदा अनुभवली आहे. १९८५ चा कायदा आल्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ झाले की पुढच्या दशकभरात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, ती औषधासाठी निर्यातही होत होती, आणि आपल्याकडचे कर्करोगी वेदनेने तळमळत होते. रुग्णालयाला चार-पाच खात्यांचे परवाने एकाच वेळी वैध ठेवावे लागत. एकाची मुदत संपली की साराच व्यवहार थांबे. २०१४ ची दुरुस्ती झाली ती याच कारणाने. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यता घेतलेली वैद्यकीय संस्था ही औषधे ठेवू आणि देऊ शकते. तरीही अनेक लहान रुग्णालये ती मान्यता घेतच नाहीत, कारण नोंदवह्या सांभाळण्याचा व्याप नको असतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावी आपली सोय झाली. जत किंवा आटपाडीच्या रुग्णाच्या नातेवाइकाला याच पट्टीसाठी एसटीने मिरजेला यावे लागते. उद्या फेंटानिलच्या कुळावर नवी अधिसूचना निघाली, तर तिच्यात या सहा औषधांना हात लागणार नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलेले असावे, असा माझा आग्रह राहील.

पट्टीबाबत दोन सूचना कायद्याच्या नाहीत, पण कायद्याहून महत्त्वाच्या आहेत. पट्टी बहुधा बहात्तर तासांनी बदलतात आणि काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि रुग्णालयात परत द्यावी. कचऱ्याच्या डब्यात टाकल्यास लहान मुलाच्या हाती लागू शकते आणि परदेशांत अशाने मुले दगावली आहेत. दुसरे, पट्टीवर किंवा तिच्या जवळ शेकण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध अंगात भराभर उतरते. आईंची कंबर दुखत असली तर शेक पट्टीपासून लांब द्यावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : माझे रस्त्याकडेला पत्र्याचे शेड आहे. पूर्वी त्यात बेदाण्याचे काम चाले. परगावच्या एका माणसाने चांगले भाडे देऊ केले आहे, ‘केमिकलचे काम’ म्हणतो. इरळीच्या प्रकरणानंतर भीती वाटते. भाडेकरूने काही केले तर मालक अडकतो का?
— एक शेतकरी, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : कलम २५ स्पष्ट आहे : जागेचा मालक किंवा ताबेदार जर जाणूनबुजून ती जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर त्या गुन्ह्याची जी शिक्षा तीच त्यालाही. म्हणजे जाणीव सिद्ध व्हावी लागते. पण कारखाना दोन-तीन महिने चालला, रात्री-अपरात्री गाड्या आल्या, उग्र दर्प येत होता आणि मालकाने भाडे मोजून घेतले, असे चित्र न्यायालयापुढे उभे राहिले तर ‘मला माहीत नव्हते’ हे पटवणे कठीण जाते, आणि पटेपर्यंत माणूस आत असतो.

भाडे बाजारभावाहून बरेच जास्त आहे का, करार नोंदवायला तो का-कू करतो का, पैसे रोखच देऊ म्हणतो का, एवढ्या तीन प्रश्नांनीच आपली निम्मी शंका फिटेल. करार नोंदणीकृत करावा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी आणि शेडची पाहणी करण्याचा हक्क करारात लिहून ठेवावा. रसायनाचे काम असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि उद्योगाची नोंदणी दाखवायला सांगावी. एनडीपीएसखाली ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणून गणलेली काही रसायने, उदाहरणार्थ ॲसेटिक अनहायड्राइड किंवा एफेड्रिन, हाताळायला २०१३ च्या आदेशाप्रमाणे अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे नोंदणी लागते. त्या आदेशाचे उल्लंघन केल्यास कलम २५ अ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरा उद्योजक हे कागद दाखवताना रागावत नाही. बेदाण्याचे भाडे कमी असेल, पण माझ्या मते आपण तेच घ्यावे.

प्रश्न : माझे औषधाचे दुकान आहे. ट्रामाडोल बंद केल्यापासून काही तरुण दुसऱ्याच वेदनाशामक गोळ्या नावाने मागतात. चिठ्ठी नसते, किंवा एकच चिठ्ठी महिनोन्महिने फिरते. नकार दिला तर दमदाटी होते. आमची जबाबदारी नेमकी किती?
— एक औषधविक्रेते, विटा

उत्तर : प्रथम एक दुरुस्ती : ट्रामाडोल बंद झालेले नाही, ते नियंत्रित झाले आहे. ते झाल्यावर बाजार टॅपेन्टाडोल या दुसऱ्या ओपिऑइड वेदनाशामकाकडे वळला, कारण त्या वेळी ते एनडीपीएसच्या यादीत नव्हते. एकेका नावाच्या यादीची मर्यादा वर सांगितली तीच येथेही दिसते. टॅपेन्टाडोल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडोल यांच्या मिश्र गोळ्या मुंबईजवळच्या एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जात आणि घाना, नायजेरियातील तरुण त्यांच्या आहारी जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले, तेव्हा केंद्राने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबवली.

आपली जबाबदारी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आहे. शेड्यूल एच-१ मधील, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच विकायच्या यादीतील, औषधासाठी स्वतंत्र नोंदवही, तिच्यात लिहून देणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या; ही वही तीन वर्षे जपायची. चिठ्ठीवर ‘दिले’ असा शिक्का आणि तारीख टाकली की तीच चिठ्ठी पुन्हा फिरत नाही. हा शिक्का हाच आपला खरा बचाव आहे. एनडीपीएसच्या यादीतले औषध चिठ्ठीशिवाय विकले तर प्रकरण केवळ औषध कायद्यापुरते राहत नाही. दोन्ही कायदे एकत्र लागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. दमदाटीची लेखी माहिती पोलीस ठाण्याला आणि औषध निरीक्षकांना द्यावी, आणि पोच घ्यावी.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून तो नशेच्या गोळ्या घेतो. मित्रांबरोबर पावडरही ओढतो असे मला वाटते. दवाखान्यात नेले तर पोलिसांना कळवतील आणि त्याच्यावर केस होईल, म्हणून त्याचे वडील नको म्हणतात. काय करावे?
— एक आई, पलूस

उत्तर : ताई, त्याला दवाखान्यात घेऊन जा. वडिलांची भीती समजू शकते, पण कायदा येथे आपल्या बाजूने आहे. सेवन हा कलम २७ खाली गुन्हा आहे, शिक्षा पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत. पण कलम ६४ अ सांगते की अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस जर स्वेच्छेने सरकारमान्य किंवा सरकारी ठिकाणी उपचार घेऊ इच्छित असेल आणि तो उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. आपल्या मुलावर तर अजून कोणताच गुन्हा नाही; तो केवळ रुग्ण आहे. व्यसन हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आजारातच मोडते, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा त्याचा हक्क आहे.

केवळ आपल्याच घरावर हे आले आहे असे मानू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक ओपिऑइड घेतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे.

सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांतील मानसोपचार विभागात न्यावे. गोळ्या एकदम थांबवल्या की अंगदुखी, उलट्या, घाम, झोप न लागणे असा त्रास होतो. व्यसनी मुले त्याला ‘टर्की’ म्हणतात आणि त्या भीतीनेच पुन्हा नशेकडे जातात. यावर औषधे आहेत. ब्युप्रेनॉर्फिनसारखी जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ देतात. ‘एका नशेऐवजी दुसरी’ असे कुणी म्हटले तर ऐकू नका. या उपचाराने मृत्यू टळतात हे जगभर सिद्ध झालेले आहे. कोंडून, साखळीने बांधून किंवा मारून व्यसन सोडवणाऱ्या केंद्रांत मात्र नेऊ नका. केंद्राची सरकारी मान्यता पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. गोळ्या विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३ या क्रमांकावर नाव गुप्त ठेवून देता येते. पण ते काम मुलाचे उपचार सुरू झाल्यावर करा.

एक धोका आधीच सांगून ठेवतो, कारण घरच्यांना तो कुणी सांगत नाही. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय उतरते. त्यानंतर मुलाने पूर्वीच्याच मात्रेने एकदा जरी घेतले तरी ती मात्रा जीवघेणी ठरू शकते. पावडरमध्ये काय मिसळले आहे ते त्यालाही माहीत नसते. मूल उठवून उठत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, श्वास फार संथ असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तो झोपलेला नाही. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा आणि श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगा. नॅलॉक्झोन नावाचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते, पण ओपिऑइडचा संशय आला तरच डॉक्टर ते देणार. अमेरिकेत हे औषध २०२३ पासून नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे ते सहसा रुग्णालयातच मिळते. त्यामुळे भरतीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की पलूसपासून सर्वांत जवळ, रात्रीही उघड्या असणाऱ्या कोणत्या रुग्णालयात हे इंजेक्शन असते, आणि ते नाव घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये लिहून ठेवा.